घरातला पिक्चर आणि घरातली माणसं

आषाढ संपत आला होता आणि हरसूलला पाऊस असा लागला होता की छत्री उघडली काय आणि मिटली काय, सारखंच. नाशिकला जाणारी शेवटची एस. टी. चुकली. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या घरी मुक्काम करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. घर कौलारू, पुढे पडवी, पडवीत ओल्या घोंगड्या आणि इरली टांगलेली. भाताची आवणी दोनच दिवसांपूर्वी उरकलेली, नागलीची थोडी राहिलेली. दिवसभर चिखलात वाकून सगळ्यांच्या कमरेचे काटे ढिले झालेले. अशा संध्याकाळी माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात. एक गरम भाकरी, आणि दुसरी बसल्या जागी करमणूक.

भाकरी चुलीवर होती. करमणूक कोपऱ्यातल्या टीव्हीवर होती आणि तिचं नाव होतं ‘सूर्यवंशम’.

वाचकहो, हा पिक्चर आपल्यापैकी कोणी पाहिला नसेल असं मला वाटत नाही. 1999 साली तो आला तेव्हा थिएटरात फारसा चालला नव्हता. पण पुढे टीव्हीवर तो इतक्या वेळा लागला की आता त्याची चेष्टा करणं हाही एक रिवाज झाला आहे. शहरातली माणसं ती चेष्टा करतात. हरसूलच्या त्या घरात मात्र कोणी चेष्टा करत नव्हतं. घरचे आजोबा, वय सत्तरीच्या पुढचं, खांबाला पाठ लावून असे बसले होते की जणू पहिल्यांदाच पाहत आहेत. अमिताभ बच्चन बाप आणि मुलगा दोन्ही. बाप करारी, मुलगा अडाणी म्हणून बापाच्या नजरेतून उतरलेला. पुढे तो मुलगा स्वतःच्या बळावर बसचा धंदा उभा करतो आणि बायकोला शिकवून कलेक्टर करतो.

“भाऊसाहेब, हा पिक्चर शेतकऱ्याचा आहे,” आजोबा मला म्हणाले. “याच्यात नांगर नसला तरी शेतकऱ्याचाच आहे. बाप आणि पोरगा एका गावात राहून बोलत नाहीत, हे दुखणं आमच्याकडं घरोघरी.”

मी मान डोलावली. सिनेमाची परीक्षणं लिहिणाऱ्यांना एवढी साधी गोष्ट सुचलेली मी तरी कुठे वाचली नाही.

शेवटी विष घातलेल्या खिरीचा प्रसंग येतो. नातवाच्या हातची खीर आजा मोठ्या प्रेमाने खातो आणि तोंडातून रक्त येतं. वाटी तोंडाशी गेली आणि बाहेर असा पाऊस कोसळला की कौलांवरची छत्री आंधळी झाली. पडद्यावर निळा रंग, त्यावर सिग्नल नसल्याची पाटी. धाकटा नातू, आठवीतला, हसत म्हणाला, “खीर आली की पाऊस येतोच. मागच्या वेळीबी असंच झालं.”

कोणाचं काही बिघडलं नाही. पुढचं सगळ्यांना पाठ होतं. पण टीव्ही बंद पडला म्हणून माणसं बोलायला लागली, आणि त्या तासाभरात पिक्चर या विषयावर जे ऐकलं ते तुम्हाला सांगावं म्हणून हा लेख.

मारामारी कोणाला आवडते?

आपली एक समजूत असते की मारधाडीचे पिक्चर पोरांचे आणि रडारडीचे बायकांचे. त्या घरात हा हिशेब पार चुकला. मारामारीची सगळ्यात मोठी भोक्ती निघाली घरची आजी. ‘बाहुबली’चे दोन्ही भाग (2015 आणि 2017) तिने किती वेळा पाहिले ते तिलाच ठाऊक नाही. कारण विचारलं तर म्हणाली, “त्यात बोलणं कळावं लागत नाही ना बाबा. हिंदी आपल्याला कुठं धड कळतंय? पण कोण कोणाला मारतो आणि का मारतो, ते डोळ्याला कळतं.”

आजीचं हे बोलणं मला फार मोलाचं वाटलं, कारण सिनेमाची सुरुवात नेमकी इथूनच झाली, आणि तीही याच तालुक्यातल्या माणसाने केली. दादासाहेब फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. हरसूल आज त्र्यंबकेश्वर तालुक्यातच मोडतं. 3 मे 1913 रोजी मुंबईत त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तेव्हा पडद्याला वाचा नव्हती. चित्रं हलायची, मधूनमधून पाटीवर मजकूर यायचा, आणि ज्याला वाचता येत नसे तोही सगळं समजून घरी जायचा. मग 1917 साली त्यांनी ‘लंकादहन’ काढला. मारुती उडतो आहे, शेपटी पेटली आहे, लंका जळते आहे! आजच्या भाषेत बोलायचं तर तो मारधाडीचाच पिक्चर. त्यात राम आणि सीता ही दोन्ही कामं अण्णा साळुंके या एकाच माणसाने केली होती, कारण त्या काळी बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या.

घरच्या मंडळींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना लंकेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटलं. फाळक्यांनी ‘हरिश्चंद्रा’च्या आधी, सावकाराला या धंद्याची खात्री पटावी म्हणून एक छोटी फिल्म केली होती. तिचं नाव ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वर येईपर्यंत त्याची थोडी थोडी चित्रं घेतली. पडद्यावर ती सलग दाखवली की रोप डोळ्यांदेखत वाढतं. म्हणजे आपल्याकडे सिनेमाचा धंदा उभा राहिला तो बी पेरून. भांडवलासाठी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्म धुण्यापासून सगळ्या माणसांचा स्वयंपाक करण्यापर्यंत कामं केली, आणि रोहिदासाच्या वेषात त्यांचाच मुलगा उभा राहिला. कौटुंबिक चित्रपट म्हणतात तो याहून वेगळा काय असायचा?

“त्या बाईचं नाव पाटीवर आलं का?” घरच्या थोरल्या सुनेने चुलीपाशी बसल्या बसल्या विचारलं.

मला पटकन उत्तर देता आलं नाही.

आजीला मारामारी आवडण्याचं आणखी एक कारण आहे, ते म्हणजे बोहाडा. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, तिकडे मोखाडा, जव्हार, या सगळ्या डोंगरपट्ट्यात उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगं नाचतात. संबळ आणि पिपाणी वाजते, टेंभ्यांचा उजेड असतो. कोणतं सोंग कोणी नाचवायचं ते पुष्कळदा घराण्याकडे चालत आलेलं असतं. शेवटी देवी आणि महिषासुर यांचं युद्ध. आजी म्हणाली, “मुखवटा जड असतो. तो डोक्यावर घेऊन नाचणारा रात्री घामानं भिजून जातो. पिक्चरमधला हिरो पन्नास माणसं मारतो आणि त्याचा भांग मोडत नाही.” एवढं बोलून ती ‘बाहुबली’ची बाजू घ्यायला पुन्हा तयार! आवड आणि पारख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही एका माणसात सुखाने नांदू शकतात.

पारख मात्र या घरात सगळ्यांनाच होती. ‘पुष्पा’ (2021) मध्ये रक्तचंदनाची चोरटी वाहतूक दाखवली आहे. आजोबांचा त्यावर आक्षेप असा की ओलं लाकूड इतक्या सहज खांद्यावर चढत नाही. आम्ही रानातली माणसं, ओंडका किती भरतो ते आम्हाला सांगू नका. थोरल्या सुनेचा आक्षेप भाताच्या आवणीवर. सिनेमातली बाई आवणी करते तेव्हा तिच्या पोटऱ्यांना चिखल नसतो आणि ती गाणं संपलं की सरळ उभी राहते. “खरी आवणी केली तर गाणं संपल्यावर कंबर धरून बसेल,” असं ती म्हणाली आणि स्वतःच कंबर धरून हसली.

एक गंमत मी त्या पोराला सांगितली. त्याला ‘बाहुबली’ आणि ‘पुष्पा’ म्हणजे सगळी दक्षिणेकडची माणसं वाटत होती. पण हिंदीत जो ‘बाहुबली’ बोलतो तो आवाज शरद केळकरचा, आणि ‘पुष्पा’चा हिंदी आवाज श्रेयस तळपदेचा. दोघेही मराठी पडद्यावरचे. पोरगं थोडा वेळ गप्प राहिलं. मग म्हणालं, “मग त्यांनी मराठीतच का नाही केलं?” प्रश्न बरोबर आहे. मराठीत शिवकालावरचे पिक्चर झाले आहेत, ‘फर्जंद’ (2018), ‘फत्तेशिकस्त’ (2019), ‘पावनखिंड’ (2022). त्याआधी भालजी पेंढारकरांनी हे सगळं घोडे आणि खऱ्या तलवारबाजीच्या बळावर करून ठेवलं होतं. आजोबांनी लहानपणी निवृत्तिनाथांच्या यात्रेत तंबूत ‘मराठा तितुका मेळवावा’ (1964) पाहिला. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, खाली जमीन आणि पौषातली थंडी. रीळ बदलताना अंधार व्हायचा आणि लोक शिट्ट्या मारायचे. “तेव्हा पाऊस नसायचा, पण रीळ तुटायचं,” ते म्हणाले. “पिक्चर अर्धवट राहण्याची आमच्या नशिबाला सवयच आहे.”

‘शोले’वर त्यांची एक जुनी तक्रार होती. ठाकुराने गब्बरला मारायला पाहिजे होतं, पोलीस मध्ये कशाला आले? मी सांगितलं की तुमची तक्रार रास्त आहे. मूळ पिक्चरात ठाकूर त्याला मारतोच. पण 15 ऑगस्ट 1975 ला तो लागला तेव्हा देशात आणीबाणी होती. सेन्सॉरला माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला चालला नाही, म्हणून शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. मूळ शेवट असलेली प्रत दुरुस्त करून पन्नास वर्षांनी, 2025 साली, लोकांना दाखवली गेली. आजोबांना एवढं समाधान वाटलं की त्यांनी तंबाखूची पुडी माझ्यापुढे सरकवली. मी खात नाही, पण मान राखायला चिमूट हातात घेऊन बसलो.

साडी कोणाची आणि रडतं कोण

आता कौटुंबिक पिक्चर. हा विषय निघाला तसा घरातला सूर बदलला.

‘माहेरची साडी’ 1991 साली आला. विजय कोंडके यांचा चित्रपट, अलका कुबल सून आणि उषा नाडकर्णी सासू. त्या काळी खेड्यापाड्यांतून बायका गाड्या करून तो पाहायला गेल्या आणि पदर भिजवून परत आल्या. पुढे व्हिडिओ आला, तो घरी आला. पूजेच्या किंवा बारशाच्या रात्री टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणायचा, एका रात्रीत तीन पिक्चर काढायचे. पहिला देवाचा, दुसरा कौटुंबिक, आणि बायका झोपल्या की तिसरा मारामारीचा. ज्यांनी अशा रात्री पाहिल्या आहेत त्यांना क्रम सांगायला नको.

थोरली सून सांगत होती, “आमच्या आत्याबाई ‘माहेरची साडी’ लागली की रडतात. मी दहा वर्षं बघतेय. अलकाताईला सासू छळते तेव्हा आत्याबाईंच्या डोळ्यातून धारा लागतात. आणि मध्ये जाहिरात आली की मला म्हणतात, भांडी कधी घासणार?”

सगळे हसले. आजीही हसली. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, “मी सासूसाठी नाही रडत. मी त्या पोरीसाठी रडते. मलाबी एक सासू होती.”

थोडा वेळ फक्त पावसाचा आवाज होता. सुनेने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. या दोघींच्या मध्ये काय काय घडून गेलं असेल ते मला ठाऊक नाही, आणि पाहुण्याने ते विचारायचंही नसतं. पण मला वाटतं, अशा पिक्चरांना शहाणी माणसं नाकं मुरडतात ती थोडी घाईने. रडारड फार असते, योगायोग फार असतात, हे खरं. सोसणाऱ्या बाईची आरती ओवाळतात आणि सोसायला लावणाऱ्याला शेवटी एका प्रसंगात माफ करतात, हा त्यांचा मोठा दोष, तो मी लपवणार नाही. पण ज्या घरात सासू आणि सून एकमेकींशी भांड्यांपलीकडे बोलत नाहीत, तिथे तीन तास एका बाजूला बसून एकाच बाईसाठी दोघी रडतात, हेही खरं.

2023 साली ‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा सगळीकडे बायका घोळक्याने थिएटरात गेल्या. या घरातून कोणी गेलं नाही. आवणीचे दिवस होते. पुढे टीव्हीवर लागला तेव्हा सुनेने तो पाहिला आणि तिला आवडला, फक्त “त्या सहाही बहिणींना घरी गुरं नाहीत” एवढंच तिने सांगितलं.

‘सैराट’ (2016) मात्र या घरात पूर्ण पाहिला जात नाही. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, तिथपर्यंत सगळे खूश. पण शेवट जवळ आला की कोणीतरी उठून पाणी प्यायला जातं आणि कोणीतरी वाहिनी बदलतं. मारामारीच्या पिक्चरात शंभर माणसं मेली तरी ज्यांच्या तोंडचा घास थांबत नाही, त्यांना ते शेवटचं एक दृश्य बघवत नाही. ‘सैराट’मध्ये आपल्यासमोर कोणी कोणाला मारतही नाही, फक्त लेकराची लाल पावलं उमटतात.

मोबाईलवर एकेकटे

थोडं पोरांबद्दल. आठवीतला तो नातू मोबाईलवर पिक्चर पाहतो, तोही तुकड्यातुकड्याने. फक्त मारामारी, गोष्ट नाही. 1987-88 मध्ये ‘रामायण’ लागलं तेव्हा आळीत एखादाच टीव्ही असायचा आणि पडवीत मुंगी शिरायला जागा नसायची. आता एका घरात चार मोबाईल. बघणं वाढलं आणि बरोबर बसणं कमी झालं, ही तक्रार तुम्ही पुष्कळदा वाचली असेल, मी ती लांबवत नाही. एक उपयोगाची गोष्ट मात्र सांगतो. पिक्चर सुरू होताना जे प्रमाणपत्र दिसतं, त्यात 2024 पासून वयाचे टप्पे केले आहेत. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी. ‘यूए’मध्ये आता 7, 13 आणि 16 अशी वयं लिहिलेली असतात, त्याखालच्या मुलाला आईबापांनी विचार करून दाखवावं. ‘ए’ फक्त मोठ्यांसाठी, तो टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही. मोबाईलवर आलेल्या तुकड्यावर मात्र कसलंच प्रमाणपत्र नसतं, हे ध्यानात ठेवा.

सगळीच पोरं नुसती बघत बसत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. आपल्याच जिल्ह्यात मालेगाव आहे. मागांच्या खडखडाटात राबणारी माणसं. तिथल्या नासिर शेख नावाच्या तरुणाचं व्हिडिओ पार्लर होतं. त्याने 2000 साली गावातलीच माणसं घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यांच्या या उद्योगावर पुढे माहितीपट निघाला आणि 2024 साली ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा मोठा पिक्चरही झाला. पोराला हे ऐकून इतका चेव आला की त्याने लगेच ‘हरसूल का बाहुबली’ जाहीर केला. आजीला शिवगामी व्हायचं होतं. शोभली असती.

इतका वेळ एक जण गप्प होती. घरची थोरली नात, बारावी झालेली. तिला नाशिकला नर्सिंगला जायचं आहे, आणि घरात त्यावरून महिनाभर अबोला आहे, हे मला जेवताना कळलं. आजोबांचं म्हणणं, पोरगी एकटी शहरात कशाला, इथंच कॉलेज कर, पुढच्या वर्षी पाहुणे येतील. पोरीचा बाप मधल्या मध्ये. दिवाळीनंतर तो आणि त्याची बायको दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या कामाला जातात. चार पैसे त्यातूनच येतात, त्यामुळे खर्चाचा प्रश्न खोटा नाही.

तिने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाली, “आजोबा, एक विचारू?”

“विचार.”

“सूर्यवंशममधली राधा कलेक्टर होते तेव्हा तुम्ही दर वेळी टाळी वाजवता. ती शिकायला गावातच राहिली होती का?”

घरातली बायामाणसं ताटाकडे बघायला लागली. आजोबांनी उत्तर दिलं नाही. खरं म्हणजे त्यांना राग यायला हवा होता, पाहुण्यासमोर नातीने असं विचारावं म्हणजे काय. पण ते टीव्हीच्या निळ्या पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ती सून होती. नवऱ्यानं शिकवली.”

“मग मी कोणाच्या नवऱ्याची वाट बघू?” पोरगी म्हणाली.

आजी पदर तोंडाला लावून हसली की काय केलं, ते मला कंदिलाच्या उजेडात दिसलं नाही. कारण तेवढ्यात लाईटही गेली होती. आजोबा म्हणाले, “लाईट येऊ दे. मग बघू.” त्या रात्री लाईट आली नाही.

सकाळी पाऊस उघडला होता. नागलीची रोपं घेऊन बायका खाचरांकडे निघाल्या. नात सगळ्यांच्या पुढे होती, डोक्यावर इरलं. आजोबा मला सोडायला स्टँडपर्यंत आले. वाटेत भाताचा भाव, युरियाची टंचाई, गुडघेदुखी, सगळं बोलून झालं. गाडी लागली, मी पायरीवर पाय ठेवला, तेव्हा त्यांनी माझी पिशवी हातात देत विचारलं:

“भाऊसाहेब, नाशिकला ते आदिवासी पोरींचं सरकारी वसतिगृह आहे ना, तिथं टीव्ही असतो का हो?”

मी म्हटलं, चौकशी करतो. कंडक्टरने घंटी दिली.